गॅसबत्तीचं मेंटल ते पारा-१८५: जड किरणोत्सारी समस्थानिक ओळखायचे कसे

गॅमा किरण मोजणाऱ्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाच्या वर्णपटात ६०० केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आसपास उंचवटा दिसला, की जर्नलात बेधडक ‘बिस्मथ-२१४, ६०९ केईव्ही’ लिहून पान उलटलं जातं. तो थॅलियम-२०८ चा ५८३ सुद्धा असू शकतो. दोन बाय दोन इंची स्फटिकाची विभेदनक्षमता ६६२ केईव्हीला साधारण ७ ते ८ टक्के असते, म्हणजे ६०० च्या आसपासचं शिखर ४५ केईव्हीच्या घरात रुंद. २६ केईव्हीचं अंतर त्याला दिसणारच नाही. पण थॅलियम-२०८ शिसे-२१२ च्या मागोमाग १०.६४ तासांच्या अर्धायुष्याने (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) कमी होतं, आणि बिस्मथ-२१४ दोन-तीन तासांत जवळजवळ संपतं. घड्याळ लावलं की भांडण मिटतं.

जड अणुकेंद्रकांच्या कामात एका खुणेवर कुणाचं नाव ठेवायचं नाही, हा पहिला नियम. ऊर्जा ही एक खूण, अर्धायुष्य ही दुसरी. तिसरी खूण लेझर देतो, कारण अणू कोणत्या मूलद्रव्याचा आहे हे त्याच्या इलेक्ट्रॉनांना विचारता येतं. पहिल्या दोन खुणांचा प्रयोग सांगली-साताऱ्याकडच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत बाजारातल्या वस्तूंवर होतो. तिसरीचा सराव रुबिडियमवर करता येतो, आणि खरी जड केंद्रकं जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत किंवा जर्मनीतल्या जीएसआय या जड आयनांच्या संशोधन केंद्रात तपासतात ती याच पद्धतीने.

मेंटल निवडणं

यात्रेत, वरातीत मिरवणाऱ्या गॅसबत्तीचं जुन्या प्रकारचं मेंटल थोरियम ऑक्साइडचं असतं. हल्ली दुकानात मिळणारी बरीच मेंटलं यिट्रियमची असतात आणि ती या कामाला अगदी निरुपयोगी. म्हणून गायगर काउंटर घेऊन मेंटल पाकिटातच तपासा. पार्श्वभूमीच्या (मेंटल नसताना येणाऱ्या मोजणीच्या) कितीतरी पट मोजणी आली तरच घ्या. पाच-सहा पुरेत. मेंटल जाळायचं नाही, फाडायचं नाही. जळालेल्या मेंटलची राख भुरभुरीत असते आणि ती श्वासातून आत जाणं हाच यातला खरा धोका आहे. हातमोजे घाला, काम झाल्यावर हात धुवा, मेंटलं झिपच्या पिशवीत नाव-तारीख लिहून कुलपात ठेवा. कॉलेजच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला सुरू करण्याआधी सांगा, नंतर नाही.

मेंटल सरळ अल्फा डिटेक्टरपुढे धरलं तर शिखर येत नाही, पसरट ढिगारा येतो. अल्फा कण धाग्याच्या आत वेगवेगळ्या खोलीवरून निघतात आणि बाहेर येईपर्यंत प्रत्येकाने वेगळी ऊर्जा गमावलेली असते. तीक्ष्ण शिखर हवं असेल तर अणूंचा अगदी पातळ थर लागतो. तो थर मेंटल स्वतःच बनवून देतं, कारण थोरियमच्या मालिकेत (तो फुटत फुटत ज्या अणूंतून जातो त्या साखळीत) मध्येच एक वायू आहे: थोरॉन, म्हणजे रेडॉन-२२०, अर्धायुष्य ५५.६ सेकंद. तो धाग्यातून बाहेर पडतो, त्याचं पोलोनियम-२१६ होतं, आणि हा नवा अणू बहुतेक वेळा धनभारित असतो. ऋण चकती जवळ असेल तर तो थेट तिच्यावर जाऊन बसतो, ०.१५ सेकंदात शिसे-२१२ होतो आणि तिथेच राहतो.

चकतीवर थर जमवणं

स्वयंपाकघरातला झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, १० ते १२ सेंटिमीटर व्यासाचा. प्लॅस्टिकचा नको, त्याच्या भिंतींवर स्थिरविद्युत साठते आणि निम्मे अणू तिकडेच जातात. झाकणाच्या मधोमध टेफ्लॉनचं बुश बसवून त्यातून पितळी स्क्रू खाली सोडा. स्क्रूच्या टोकाला २५ मिलिमीटर व्यासाची, आरशासारखी घासलेली स्टीलची चकती. मेंटलं डब्याच्या तळाशी पसरा. चकती आणि मेंटल यांत २ ते ३ सेंटिमीटर अंतर ठेवा. हा आकडा उगाच नाही. मरण्याआधी थोरॉन हवेत सरासरी तीनेक सेंटिमीटरच पसरतो. चकती १० सेंटिमीटर वर टांगून ‘काहीच जमलं नाही’ म्हणणाऱ्यांची चूक बहुतेक इथेच असते.

चकतीला उणे ३०० ते ५०० व्होल्ट, डब्याला अर्थिंग. व्होल्टेज १० मेगाओमच्या रोधातून द्या, म्हणजे चुकून हात लागला तरी प्रवाह मायक्रोअँपिअरमध्येच राहील. गायगरचा सप्लाय बहुधा धनच देतो. तसं असेल तर उलट जोडणी करा: चकतीला अर्थिंग, डब्याला धन. मग मात्र डबा लाकडी किंवा ॲक्रिलिकच्या पाटावर ठेवा आणि ‘हात लावू नका’ अशी पाटी लावा.

ओलसर हवा हा या प्रयोगाचा मोठा शत्रू. बाष्प जास्त असलं की पोलोनियमचे आयन चकतीपर्यंत पोहोचण्याआधीच उदासीन होतात. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात भिंतींना पाझर फुटलेला असतो, तेव्हा हा फरक ढळढळीत दिसतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि झाकणाच्या कडेला टेप लावा. जेल निळी असताना टाका. गुलाबी झालेली असेल तर तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पण तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.

किती वेळ ठेवायचं? शिसे-२१२ चं अर्धायुष्य १०.६४ तास, त्यामुळे १२ तासांत कमाल पातळीच्या सुमारे ५४ टक्के, २४ तासांत ७९, दोन दिवसांत ९६ टक्के. संध्याकाळी लावून सकाळी काढणं सोयीचं. त्याच मांडणीत ध्रुव उलटे करून एकदा तेवढाच वेळ जमवा. मोजणी एकदम घसरली पाहिजे. घसरली नाही, तर चकतीवर वायूचे अणू नव्हे, मेंटलची धूळ बसली आहे.

अल्फा वर्णपट

सिलिकॉनचा सरफेस बॅरियर डिटेक्टर आणि रोटरी पंप असलेलं लहान निर्वात पात्र लागेल. क्रम पक्का ठेवा: आधी चकती, मग झाकण, मग पंप. दाब ०.१ मिलिबारच्या खाली गेल्यावरच डिटेक्टरला बायस (तो चालवणारं व्होल्टेज), तोही दहा-दहा व्होल्टने चढवत. हवा आत सोडण्याआधी बायस शून्यावर. मधल्या दाबाला विद्युत ठिणगी सहज पडते, आणि तेवढ्यात डिटेक्टर गेला तर वर्षभराचं बजेट गेलं. हा डिटेक्टर प्रकाशालाही ओळखतो. खिडकीच्या काचेतून ट्यूबलाइट दिसत असेल तर सगळा वर्णपट विद्युत आवाजात (नॉइजमध्ये) बुडतो. काळं कापड टाका.

निर्वात नसेल तरी काम अगदी अडत नाही. चकती ५ मिलिमीटरवर ठेवा आणि हिशेब लावा: ५ ते ६ एमईव्हीचा (१ एमईव्ही म्हणजे १,००० केईव्ही) अल्फा हवेत सेंटिमीटरमागे साधारण ०.८ ते ०.९ एमईव्ही गमावतो. शिखर खाली सरकेल आणि फुगेल, पण ओळखता येईल.

दिसायला हवं ते असं. बिस्मथ-२१२ च्या ६.०५ आणि ६.०९ एमईव्हीच्या दोन रेषा. डिटेक्टर जुना असेल तर त्यांचा एकच उंचवटा, ६.०६ च्या आसपास. मग मोठी रिकामी जागा. आणि दूर उजवीकडे पोलोनियम-२१२ ची ८.७८५ एमईव्हीची रेषा. या दोन बिंदूंवरून ऊर्जेची मोजपट्टी बांधा. अमेरिशियम-२४१ चा स्रोत असेल तर ५.४८६ वर पट्टी तपासा.

आता गंमत. बिस्मथ-२१२ पुढे दोन वाटांनी जातं: ३६ टक्के अल्फा सोडून थॅलियम-२०८ होतं, ६४ टक्के बीटा सोडून पोलोनियम-२१२ होतं, आणि ते ०.३ मायक्रोसेकंदात अल्फा सोडतं. म्हणून ८.७८ च्या शिखराखालची मोजणी भागिले ६.०६ च्या शिखराखालची मोजणी १.७८ आली पाहिजे. चकती तीच, अंतर तेच, सिलिकॉनला दोन्ही अल्फा सारखेच दिसतात, त्यामुळे कार्यक्षमता दुरुस्त करायची गरज नाही. एवढा स्वस्त आणि इतका कडक तपास अभ्यासक्रमातल्या फार थोड्या प्रयोगांत मिळतो. प्रत्येक शिखरात १०,००० नोंदी जमवा, म्हणजे सांख्यिकी चूक १ टक्का.

गुणोत्तर कमी आलं तर ८.७८ च्या उजव्या बाजूला नीट बघा. तिथे शेपूट असेल. बीटा आणि त्यामागचा अल्फा यांत अंतर ०.३ मायक्रोसेकंद, आणि ॲम्प्लिफायरचा शेपिंग टाइम (एक स्पंद घडवायला लागणारा वेळ) १ मायक्रोसेकंद. दोघेही डिटेक्टरमध्ये शिरले तर ते वेगळे मोजले जात नाहीत, त्यांची ऊर्जा मिळून एक नोंद होते आणि ती शिखराच्या वर जाऊन पडते. चकती डिटेक्टरला जितकी जवळ, तितकी शेपूट लांब. अंतर दुप्पट करा, शेपूट झडेल. मोजणी कमी होईल, तो वेळ मात्र द्यावाच लागतो. मोजणीत शेपूट धरायची विसरलात तर गुणोत्तर १.७ च्या खालीही जाऊ शकतं आणि दोष पुस्तकाला दिला जातो.

दुसरा सापळा काळाचा. चकती रात्रभर ठेवली असेल तर काढल्यावर दोन्ही शिखरं १०.६४ तासांनी निम्मी होतात. बिस्मथचं स्वतःचं अर्धायुष्य ६०.६ मिनिटं असूनही ते शिशाच्या तालावर चालतं. पण घाईत दहाच मिनिटं जमवलं असेल तर अल्फा मोजणी आधी वाढते, जवळजवळ पावणेचार तास, आणि मग उतरायला लागते. चकतीवर सुरुवातीला शिसं आहे, बिस्मथ नाही. ते तयार व्हायला वेळ लागतो. उपकरण बिघडलं समजून बरेच जण इथे प्रयोग बंद करतात. बंद करू नका, उलट हाच आलेख जर्नलाला जोडा: त्यात दोन्ही अर्धायुष्यं एकाच वेळी वाचता येतात.

गॅमा वर्णपट आणि उन्हाळा

मेंटलं पिशवीसकट स्फटिकावर ठेवा. २३९ केईव्ही शिसे-२१२ चं, ५८३ आणि २६१५ थॅलियम-२०८ चं, ७२७ बिस्मथ-२१२ चं, ९११ ॲक्टिनियम-२२८ चं. ५११ च्या जागी थॅलियमची रेषा आणि पॉझिट्रॉनची रेषा एकमेकींवर बसतात, तिथे क्षेत्रफळ काढू नका. १०२४ चॅनलच्या (ऊर्जेच्या कप्प्यांच्या) अॅनालायझरवर २६१५ साधारण ९०० व्या चॅनलला येईल इतकं गेन (वर्धन) ठेवा.

९११ आणि ५८३ यांचं गुणोत्तर मेंटलाचं वय सांगतं, कारण ९११ रेडियम-२२८ च्या मागे चालतं आणि ५८३ थोरियम-२२८ च्या. थोरियम शुद्ध करताना रेडियम-२२८ वेगळं निघतं, थोरियम-२२८ मात्र थोरियमबरोबरच राहतं. मग ते १.९ वर्षांच्या अर्धायुष्याने घटतं, तोवर नवं रेडियम साठत असतं. साडेचार वर्षांनी थोरियम-२२८ ची क्रियाशीलता (सेकंदाला फुटणारे अणू) समतोलाच्या ४२ टक्क्यांवर उतरते आणि तिथून पुन्हा चढते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या काळातली मेंटलं सारखी वागत नाहीत, आणि ‘शेजारच्या कॉलेजचे आकडे जुळत नाहीत’ ही तक्रार निरर्थक ठरते.

खरी कटकट तापमानाची. स्फटिक आणि फोटोमल्टिप्लायर (त्याच्या प्रकाशाचा विद्युत स्पंद करणारी नळी) मिळून अंशामागे सुमारे ०.३ ते ०.५ टक्के गेन हरवतात. एप्रिलमध्ये सांगलीत पहाटे २४ अंश आणि दुपारी ३८ अंश असेल, तर ६६२ ची रेषा २८ ते ४६ केईव्ही सरकते. रात्रभराची मोजणी एकाच फाइलमध्ये घेऊ नका. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाइली घ्या आणि प्रत्येकीत पोटॅशियम-४० ची १४६१ ची रेषा कुठे आहे ते पाहून पट्टी जुळवा. त्यासाठी कृषी सेवा केंद्रातून एक किलो लाल पोटॅश आणा. उसाला घालतात तेच. त्यात दर सेकंदाला १५ हजारांच्या आसपास पोटॅशियम-४० फुटतात आणि त्यातले सुमारे १०.७ टक्के १४६१ चा गॅमा देतात. एवढा भरवशाचा आणि परवान्याची कटकट नसलेला स्रोत दुसरा नाही. फक्त पोत्याचं तोंड बंद ठेवा, पोटॅश पाणी ओढतं.

पार्श्वभूमी कोरड्या दिवशी घेतलेली असेल आणि मोजणी पावसात, तर वजाबाकी चुकेल. पहिल्या सरीबरोबर रेडॉनची पिलावळ (तो फुटून झालेले अणू) हवेतून जमिनीवर उतरते आणि तास-दोन तास ६०९ व १७६५ च्या रेषा फुगतात.

पेवातली हवा

सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. जमिनीखाली, तोंड बंद, हवा कोंडलेली: मातीतून झिरपणारा रेडॉन साठायला याहून योग्य जागा नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमीच असतं, म्हणून ग्रॅनाइटच्या मुलखातल्या आकड्यांची अपेक्षा धरू नका.

पेवात उतरायचं नाही. कुणीही नाही, दोरी बांधूनही नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, ऑक्सिजन कमी असतो, आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. मालकाची परवानगी घेऊन तोंडाच्या फटीतून एक इंची नळी खाली सोडा, वर काचतंतूचा फिल्टर बसवा आणि त्यामागे व्हॅक्युम क्लीनर. ३० मिनिटं ओढा. फिल्टर काढल्यापासून स्फटिकावर ठेवेपर्यंत दोन मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका. म्हणजे डिटेक्टरच तिथे नेलेला बरा. गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावलात तर चौकोनी लाटेचा आवाज खालच्या चॅनलांत घुसतो, शक्यतो लॅपटॉपवर चालणारं युनिट घ्या.

पहिले तीन तास दहा-दहा मिनिटांच्या फाइली, नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत तासाची एक. ६०० च्या आसपासच्या शिखराची मोजणी लॉग-कागदावर काढली की रेषा मोडलेली दिसेल. सुरुवातीचा तीव्र उतार शिसे-२१४ च्या २७ मिनिटांचा आणि बिस्मथ-२१४ च्या २० मिनिटांचा मिळून. सहा तासांनंतरची मंद शेपटी शिसे-२१२ ची, म्हणजे ती ६०९ नाहीच, ५८३ आहे. वजाबाकी नेहमी शेवटाकडून करा: आधी शेपटीला १०.६४ तासांची रेषा बसवा, ती शून्य वेळेपर्यंत मागे न्या, मूळ मोजणीतून वजा करा, उरेल ते युरेनियम मालिकेचं, म्हणजे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ चं.

लेझरची खूण

टेबलावरचा सराव रुबिडियमवर होतो. ७८० नॅनोमीटरचा डायोड लेझर, रुबिडियमची वाफ असलेली काचनळी, फोटोडायोड. हा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, म्हणून ‘मंद आहे’ असं वाटतं आणि लोक चष्मा काढतात. काढू नका. लेझरची वारंवारता सरकवली की चार खड्डे दिसतात: बाहेरचे दोन रुबिडियम-८७ चे, आतले दोन ८५ चे. ८७ स्वतः किरणोत्सारी आहे, पण त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,००० कोटी वर्षं, तेव्हा काउंटर लावून बसू नका. पट्टी बांधताना चूक ठरलेली: बाहेरच्या दोन खड्ड्यांमधलं अंतर ६.८३५ गिगाहर्ट्झ धरलं जातं. तो आकडा तळपातळीच्या फुटीचा आहे (केंद्रकाच्या चुंबकत्वाने इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी दुभंगते, ती फूट). वरच्या पातळीच्या न दिसणाऱ्या फुटींमुळे डॉप्लरने (अणूंच्या धावपळीने) रुंदावलेल्या खड्ड्यांचे मध्य सुमारे ६.५५ वर येतात. चार टक्क्यांची चूक इथेच जाते.

जड मूलद्रव्यांत हीच फूट आणि समस्थानिकांमधलं सरकणं केंद्रकाचा आकार सांगतं, कारण काही इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या आतही वावरतात आणि केंद्रक फुगलं की रेषा सरकते. सर्नच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत १९७२ साली पाऱ्याच्या हलक्या समस्थानिकांत ही रेषा एकदम उडी मारताना दिसली. १८५, १८३ आणि १८१ हे विषम वस्तुमानांकाचे पारे लांबुळके, शेजारचे सम पारे जवळजवळ गोल. २०१८ साली लेझर-आयनीकरणाने १७७ पर्यंत मोजलं गेलं, तेव्हा ही उडी १८० च्या खाली थांबते हे कळलं.

पद्धत थोडक्यात अशी. प्रोटॉनच्या माऱ्याने तयार झालेले अणू २,००० अंशांच्या पोकळीत वाफ होऊन येतात. दोन-तीन रंगांचे लेझर त्याच मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन पायरीपायरीने वर नेऊन सोडवतात. आयन चुंबकात वस्तुमानाने वेगळे होतात आणि चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोग्रॅम इतक्या पातळ कार्बनच्या पडद्यात रुततात. पडद्याच्या पुढे-मागे सिलिकॉन. पहिल्या लेझरची वारंवारता एकेक पायरी सरकवायची आणि प्रत्येक पायरीला ठरावीक अल्फा शिखरातली मोजणी लिहायची. आलेख होतो तो त्या समस्थानिकाची अतिसूक्ष्म रचना, म्हणजे रेषेची तीच फूट. एकाच वस्तुमानाच्या दोन अवस्थांच्या अल्फा रेषा वेगळ्या असतील तर दोन वेगळे आलेख एकाच वेळी निघतात. उष्णतेने पाऱ्याची २५४ नॅनोमीटरची रेषा सुमारे ३ गिगाहर्ट्झ रुंद होते. हलक्या मूलद्रव्यात सगळं त्यात गडप झालं असतं. जडात फूट त्याहून कितीतरी मोठी, म्हणून भागतं. २०१६ साली जीएसआयमध्ये ५१ सेकंदांच्या नोबेलियम-२५४ वरही लेझर आणि अल्फा यांचीच जोडी वापरली गेली, तिथे सेकंदाला मोजके अणू मिळत होते.

इथल्या चुका मेंटलच्या डब्यातल्या चुकांसारख्याच आहेत. दर काही तासांनी पहिला लेझर झाकून मोजा. फ्रान्सियम आणि थॅलियम यांचा इलेक्ट्रॉन सैल असतो, ते तप्त पृष्ठभागावर लेझरशिवायही आयन होतात. झाकल्यावर जे शिखर उरतं ते तुमच्या मूलद्रव्याचं नाही. प्रोटॉनचा प्रवाह आणि लेझरची शक्ती डुलत राहतात, म्हणून मध्येमध्ये ओळखीच्या समस्थानिकावर फेरी मारून सगळं त्याच्याशी जुळवा. आणि पायरी बदलताना चाक फिरवून नवा पडदा पुढे आणा. जुन्या पडद्यात रुतलेली लेकरं (अणू फुटून झालेली नवी केंद्रकं) उशिरा अल्फा सोडतात, मागच्या पायरीची मोजणी पुढच्या पायरीत पडते आणि शिखर एका बाजूला कलतं. शंका आली तर तीच फेरी उलट्या दिशेने घ्या: खरं शिखर जागेवर राहील, लेकरांचं दुसऱ्या बाजूला कलेल.